महाविद्यालयाचे पहिले सत्र : हिशेब तासांचा आणि वेळेवर सांगण्याचा

पावसाळा उतरणीला लागला की महाविद्यालयांच्या सूचना फलकांवर पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागतात. हल्ली ते फलकाआधी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन थडकतात, एवढाच काय तो फरक. बारावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेला एखादा विद्यार्थी आपल्या नावापुढे वीसपैकी सहा हा आकडा पाहतो आणि आपला आसनक्रमांक पुन्हा एकदा तपासतो. मित्रांना तो सांगतो, "पेपरच अवघड होता." घरून फोन आला की सांगतो, "अजून गुण लागले नाहीत."

वास्तविक पाहता या टप्प्यावर काहीच हातचे गेलेले नसते. सत्रान्त परीक्षेला दोन-अडीच महिने बाकी असतात, नोटा मिळू शकतात, प्राध्यापक भेटू शकतात. परंतु हे दोन-अडीच महिने बहुतेकदा ते सहा गुण लपवण्यात जातात आणि निकालाच्या दिवशी घरच्यांना थेट एटीकेटीचीच बातमी कळते. पहिल्या वर्षात मागे पडणाऱ्यांमध्ये बुद्धी कमी पडलेले थोडे असतात. आपण मागे पडत आहोत हे उशिरा लक्षात आलेले, आणि लक्षात आल्यावरही कोणाला न सांगितलेले अधिक असतात.

याचे मूळ वेळेच्या नव्या स्वातंत्र्यात आहे. बारावीपर्यंतचे वेळापत्रक इतरांनी आखलेले असते. शाळेची घंटा, क्लासची बॅच, सराव परीक्षा आणि त्यावर घरच्यांची करडी नजर. महाविद्यालयात पाऊल टाकताच हा पहारा एकाएकी उठतो. तास बुडवला तरी त्या दिवशी कोणी विचारत नाही. विचारणा होते ती थेट सत्राच्या शेवटी.

आठवड्याचे १६८ तास

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून पदवीचा सारा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील 'क्रेडिट'मध्ये होतो. एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे तात्त्विक विषयाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे एकूण ३० तासांचे अध्ययन गृहीत धरलेले आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वर्गात बसण्याचे तास त्यातून वजा केले की उरलेले तास विद्यार्थ्याने स्वतः वाचावे, लिहावे, गणिते सोडवावीत, अशी ही अपेक्षा आहे.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. २२ श्रेयांकांचे ६६० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात ते विभागले तर आठवड्याला ४४ तास पडतात. आठवड्याचे एकूण तास १६८. रोज आठ तासांची झोप धरली तर ५६ गेले. राहिले ११२, त्यातून अध्ययनाचे ४४ वजा करता ६८. बदलापूरहून दक्षिण मुंबईत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास स्थानकापर्यंतची पायपीट धरून आठवड्याला २० तास सहज खातो. राहिले ४८. जेवण, आंघोळ, कपडे, घरातील बारीकसारीक कामे यांना रोज तीन तास दिले की हातात २७ तास उरतात. म्हणजे दिवसाला चार तासांहून थोडे कमी. मैत्री, नाटक, क्रिकेट, अर्धवेळ नोकरी, मोबाइल आणि नुसते स्वस्थ बसणे हे सर्व या चार तासांत बसवायचे आहे.

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रवासाचे तास वाचतात खरे. पण मेसची रांग, कपडे धुणे आणि खोलीतल्या चार जणांच्या गप्पा त्यांची जागा घेतात. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनिशी एकदा तरी कागदावर करावा. वेळापत्रक पाळता येईल की नाही हा पुढचा प्रश्न. आधी नेमके किती तास आहेत, हे तरी डोळ्यांसमोर असावे. रोज तीन तास मोबाइलवर जात असतील तर ते २७ पैकी २१ तास आहेत, हे कागदावर दिसल्यावर निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

लोकलमधील वेळेबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करणाऱ्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडावे, असा सल्ला देणारा बहुधा गर्दीच्या वेळी प्रवास करत नसावा. सकाळी बसायला जागा मिळाली तर आदल्या दिवशीच्या नोटांवरून नजर फिरवता येते. संध्याकाळी परतताना ती वेळ विश्रांतीचीच मानावी.

पंचाहत्तर टक्के म्हणजे आठवड्याला एक तास

विद्यापीठांच्या नियमानुसार उपस्थिती साधारणपणे ७५ टक्के लागते. चार श्रेयांकांच्या तात्त्विक विषयाचे ६० तास होतात, त्यांपैकी ४५ तासांना हजर राहणे आवश्यक. उरलेले १५ ऐकायला भरपूर वाटतात. पण १५ आठवड्यांत १५, म्हणजे आठवड्याला एकच. एकांकिकेच्या तालमीचे दोन आठवडे आणि मधेच आलेला टायफॉइड किंवा डेंग्यू एवढ्यात ते सारे संपतात. म्हणून सत्राच्या सुरुवातीला, हाताशी सुट्या पुष्कळ आहेत असे वाटते तेव्हाच, त्या जपून वापराव्यात. आजारपण आलेच तर वैद्यकीय प्रमाणपत्र बरे झाल्याच्या पहिल्या दिवशी कार्यालयात द्यावे आणि दिल्याची पोच घ्यावी. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना किंवा महाविद्यालयाच्या वतीने स्पर्धा यांसाठी गैरहजर राहणाऱ्यांनी संबंधित प्राध्यापकांची लेखी शिफारस आधीच घेऊन ठेवावी. काळ्या यादीत नाव लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांच्या गर्दीत खरी कारणे असलेलेही भरडले जातात.

अंतर्गत गुणांचेही तसेच. बऱ्याच अभ्यासक्रमांत शंभरपैकी तीस ते चाळीस गुण चाचण्या, प्रकल्प आणि जर्नल यांवर असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून हे गुण मिळवता येत नाहीत. अनेक ठिकाणी अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेत स्वतंत्र उत्तीर्ण व्हावे लागते, त्यामुळे एकातील त्रुटी दुसऱ्यातील गुणांनी भरून निघत नाही. आपल्या विषयाला नेमका कोणता नियम लागू आहे, हे अभ्यासक्रमाच्या छापील आराखड्यात पाहावे. 'सिनियर' सांगतात तो नियम बहुधा त्यांच्या वर्षीचा असतो.

इंग्रजीची भिंत

मराठी माध्यमातून येऊन विज्ञान, वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शाखेत इंग्रजीतून शिकणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. या विद्यार्थ्यांना विषय कळत नाही, असा समज प्राध्यापकांचा होतो आणि हळूहळू विद्यार्थ्यांचाही. प्रत्यक्षात प्रकाशसंश्लेषण किंवा घसारा या संकल्पना त्यांनी शाळेत नीट समजून घेतलेल्या असतात; फक्त त्यांची इंग्रजी नावे अनोळखी असतात. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक विषयासाठी वहीची शेवटची काही पाने राखून ठेवावीत. तासाला कानावर पडलेली संज्ञा, तिचा मराठी प्रतिशब्द आणि एका वाक्यात अर्थ लिहावा. शासनाच्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत आणि ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. एखादा धडा प्रथम विश्वकोशातील नोंदीतून मराठीत वाचून मग इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडले, तर निम्मी धास्ती कमी होते.

या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट टाळावी. वर्गात शंका इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून ती विचारायचीच नाही, असे करू नये. तास संपल्यावर दारापाशी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नकार देणारे प्राध्यापक विरळा.

वाचले, पण आठवत नाही

"चारदा वाचले होते," ही परीक्षेनंतरची नेहमीची तक्रार आहे, आणि ती खोटीही नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती वेळाने किती विसरली जातात, हे त्याने मोजले होते. विस्मरणाचा वेग सुरुवातीला, पहिल्या काही तासांत, सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो, असे त्याला आढळले. त्या दिवशीच्या तासाची उजळणी त्याच रात्री दहा मिनिटे करावी, असे जुने शिक्षक सांगत आले, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरा प्रयोग त्याहून उपयोगी. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. काहींनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र लिहून काढणारे पुढे गेले. गंमत अशी, की आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पान ओळखीचे वाटणे आणि ते कोऱ्या कागदावर मांडता येणे यात हे अंतर आहे, आणि परीक्षेत मिळतो तो कोरा कागद.

म्हणून धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि मुद्दे लिहून काढावेत. जे सुटले तेवढेच पुन्हा पाहावे. तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने याच रीतीने आठवून पाहावा. यात वाचनाइतका आनंद नाही. आपल्याला काहीच येत नाही, अशी भावना पहिल्या दोन-तीन वेळी हमखास येते. त्या भावनेला घाबरून बहुतेक जण पुन्हा वाचनाकडे वळतात. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका या सरावासाठी सर्वांत स्वस्त साधन आहेत. त्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याचे काही कारण नाही.

तीच गोष्ट झोपेची. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप हवी, असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हेही आता संशोधनातून दिसून आले आहे. रात्रभर अभ्यासिकेत बसून पहाटे अमृततुल्यवर चहा घेणे ही पुण्यातील विद्यार्थिजीवनाची हौसेची आठवण असते. पण ज्या पेपरसाठी ते जागरण केले त्याचे गुण कोणी त्या आठवणीसोबत सांगत नाही.

तालीम, शिबिर आणि नोकरी

अभ्यास सांभाळायचा म्हणून बाकी सारे बंद, हा मार्ग पालकांना आवडतो. तो फारसा उपयोगाचा नाही. नव्या रचनेत सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत, हे एक कारण. दुसरे असे, की वर्गात ओळखी होत नाहीत आणि तालमीत होतात. पुढे अडचणीच्या वेळी धावून येतात ती हीच माणसे. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या शिबिराला जायचे असते. वर्षाला १२० तास म्हणजे आठवड्याला दोन-तीन तास. वर मांडलेल्या हिशेबात ते सहज बसतात.

एकांकिकेचे गणित इतके सरळ नाही. पुण्यात १९६३ पासून होत असलेल्या पुरुषोत्तम करंडकाची तालीम सुरू झाली की घड्याळ बाजूला पडते आणि स्पर्धेचा काळ नेमका पहिल्या चाचणीच्या आसपास येतो. अशा वेळी डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे यांची उदाहरणे दिली जातात. दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, दोघांनीही नाटक केले आणि वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केले. उदाहरणे खरीच आहेत. परंतु तालमीपायी वर्ष गमावलेल्यांची नावे कोणी सांगत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पहिल्या वर्षी एकच मोठा उपक्रम निवडावा, तालमीची रोजची वेळ गटाकडून ठरवून घ्यावी आणि चाचणीची तारीख दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सांगितलेली चाचणी ही पळवाटच वाटते.

नोकरी करून शिकणाऱ्यांना मात्र निवडीची अशी चैन नसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा व शिका'ची परंपरा महाराष्ट्रात रुजवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत याच नावाची योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशी कामे तेथे महाविद्यालयाच्या आवारातच मिळतात आणि ती तासांच्या वेळापत्रकाला धरून असतात. बाहेरच्या दुकानातील किंवा डिलिव्हरीच्या कामात चार पैसे जास्त मिळत असले, तरी परीक्षेच्या काळात तेथे रजा मिळेलच असे नाही. आधी विद्यार्थी विकास विभागात चौकशी करावी. शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' पोर्टलवर भरावे लागतात आणि दरवर्षी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन भरते. उत्पन्नाचा दाखला मिळण्यास वेळ लागतो. तो जूनमध्येच काढून ठेवावा.

पैसे संपत आले की पहिली कात्री पोटाला लागते. मेसचा एक वेळचा डबा बंद करून वडापावावर दिवस काढणे आठवडाभर जमते, महिनाभर नाही. मग आजारपण येते आणि उपस्थितीच्या त्या १५ तासांना हात लागतो.

सांगायचे कोणाला?

पुन्हा त्या सहा गुणांकडे. पहिल्या चाचणीचा पेपर हातात आल्यावर त्याच आठवड्यात विषयाच्या प्राध्यापकांना भेटावे. जाताना पेपर, वही आणि "हा प्रश्न येथपर्यंत जमला, पुढे अडलो" असे नेमके ठिकाण सोबत न्यावे. "सर, काहीच समजत नाही" या वाक्याला कोणाकडेच उत्तर नसते. बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर प्राध्यापक नेमून दिलेला असतो आणि 'नॅक'च्या मूल्यांकनातही ही व्यवस्था पाहिली जाते. अनेक ठिकाणी ती कागदावरच राहते हे खरे. पण विद्यार्थी आपणहून गेला तर तिला जीव येतो.

घरी सांगणे याहून अवघड. वडिलांनी कर्ज काढून पाठवले आहे, आई गावात सर्वांना मुलाचे कौतुक सांगते, अशा घरात सहा गुण उच्चारणे सोपे नाही. येथे पुढाकार पालकांनी घ्यावा. "जेवलास का?" यानंतरचा प्रश्न "किती पडले?" हाच असेल तर उत्तर खोटे मिळण्याची शक्यता अधिक. "कोणता विषय जड जातोय?" असे विचारले तर निदान विषयाचे नाव तरी कळते. एटीकेटी म्हणजे ठरावीक मर्यादेत विषय राहिले तरी पुढील वर्गात बसण्याची मुभा. तो विषय पुन्हा देता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. यांच्या मुदती निकालानंतर थोड्याच दिवसांत संपतात आणि लपवालपवीत त्याच आधी हुकतात.

हे सारे केवळ गुणांपुरते नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण नोंदवलेले मृत्यू २,२४८ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निकालात, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. आपल्या महाविद्यालयात ही व्यक्ती कोण आहे, कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेळी बसते, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. गरज पडेल त्या दिवशी शोधण्याचे त्राण नसते.

रॅगिंगचा त्रास असेल तर तो सहन करण्याची रीत केव्हाच संपली आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर केव्हाही तक्रार करता येते.

खोलीतला जोडीदार मेसला येईनासा झाला, रात्रभर जागा राहून दिवसा झोपू लागला, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला किंवा "माझ्यावाचून काही अडणार नाही" अशी भाषा करू लागला, तर हे प्रथम लक्षात येते ते त्याच्या मित्रांच्या. त्याला थेट विचारावे, एकटे सोडू नये आणि त्याने शपथ घातली असली तरी वॉर्डनला व घरच्यांना त्याच दिवशी कळवावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक स्वतःसाठी फिरवता येतो, तसाच मित्राशी काय आणि कसे बोलावे हे विचारण्यासाठीही.